गोल्डनरॉड लावायचाय, पण कोणता?
अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरात रस्त्याकडेला पिवळे तुरे डोलतात, ते बऱ्याचदा कॅनडा गोल्डनरॉडचे. आपल्याकडे बुकेत भरीला असतो तो याच्याच जातकुळीतला. पान उलटून पाहा: मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक ठळक शीर दिसते. उंची पाच-सहा फुटांपर्यंत जाते, ऊन भरपूर लागतं. पण जमिनीखालून असा पसरतो की शेजारच्या रोपांची धडगत नाही.

सॉलिडॅगो सिझिया या दुसऱ्या गोल्डनरॉडची फुलं मात्र पानांच्या बेचक्यांत, खोडभर लागतात. जांभळट खोडावरचा मेणचट थर बोटानं पुसला जातो. दोन-तीन फुटांचा, विरळ सावलीतही फुलतो, फारसा पसरत नाही. छोट्या अंगणात मी डोळे झाकून हाच लावेन.

शिंकांचं खापर दोघांवरही फोडू नका. यांचे परागकण जड, चिकट असतात. वाऱ्यावर उडतात ते त्याच दिवसांत फुलणाऱ्या रॅगवीड या तणाचे.