बॉनेटवरचं पिवळं स्वस्तिक: पीपीएफ लावल्यानंतरचे अकरा महिने

पांढरी गाडी घेऊ नकोस, असं मला चारजणांनी सांगितलं होतं. चौघांनी चार कारणं दिली. हळदीचं मात्र कुणी बोललं नाही.

गाडी फोक्सवॅगनची व्हर्टस, दीड लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन), डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), रंग कँडी व्हाइट. २०२५ च्या पाडव्याला घेतली, आज मीटरवर १९,४०० आहे. १५० पीएसची ताकद आणि बाकीचा तक्ता तुम्हाला पाठ असणार, त्यात शिरत नाही. रोजचं जाणं-येणं कोल्हापुरात राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी, महिन्यातून दोनदा पुणे, आणि रविवारी पहाटे काही कारण नसताना आंबा घाट. गाडी शोकेसमध्ये ठेवायला घेतलेली नाही, पण ९० हजारांच्या जुन्या गाडीसारखी वापरायलाही घेतलेली नाही. म्हणून पहिल्या पंधरवड्यातच पुढच्या तोंडाला पीपीएफ, म्हणजे रंग वाचवायला वरून चिकटवतात ती पारदर्शक फिल्म, लावून घेतली: बॉनेट, बंपर, दोन्ही फेंडर, आरसे, हेडलाइट. घासाघीस करून ५८ हजार. उरलेल्या अंगावर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे बाटलीतून लावायचा पातळ चकचकीत लेप, १८ हजार. स्टुडिओचं आणि फिल्मचं नाव लिहीत नाही. विचारूही नका, मला अजून त्यांच्या दारात जायचंय.

आता खंडेनवमी. आमची फाउंड्री आहे, म्हणजे त्या दिवशी भट्टीपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्याला हळद-कुंकू. मी सकाळी पोचलो आणि गाडी गेटातच अडवली गेली. मोल्डिंगचे मामा हातात ताट घेऊन उभे. "सायेब, नवी गाडी हाय, पूजा केल्याबिगर आत घ्याची न्हाई." मी म्हटलं, लावा की. मामांनी हळद पाण्यात कालवली आणि बोटानं बॉनेटच्या मधोमध स्वस्तिक काढलं, चांगलं वीतभर. चार टिकल्या, वर झेंडूची माळ. गाडी नुकतीच बंद केलेली, बॉनेट तापलेलं, हळद दोन मिनिटांत कडक वाळली. केलेली पूजा लगेच कोण पुसतं? दुसऱ्या दिवशी दसरा, संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला गेलो तेव्हाही स्वस्तिक तसंच. तिसऱ्या दिवशी धुतली. कुंकू गेलं. हळदीचा थरही गेला. खाली स्वस्तिक राहिलं. पिवळंधमक, कडा एकदम स्पष्ट, एखाद्या पेंटरनं काढल्यासारखं.

पीपीएफ म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच, थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेन. आमटीचा डबा धुतला की पांढऱ्या झाकणावर पिवळं उरतं ना, तोच प्रकार. रंग वर बसत नाही, आत मुरतो. हे शहाणपण आज आलंय. त्या दिवशी मी शाम्पू घेतला, घासलं. काही नाही. मग कपाटातला ऑल पर्पज क्लीनर मारला. आणि डोळ्यांदेखत ते पिवळं स्वस्तिक तांबडं झालं.

मी बादली टाकून दोन पावलं मागे सरलो. खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं देवाचा कोप झाला. मग डोक्यात प्रकाश पडला. हळदीत चुन्याची निवळी घातली की कुंकू होतं, शाळेत हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून तांबडं करून दाखवायचे, तेच हे. क्लीनर अल्कलाइन होता. भरपूर पाण्यानं धुतल्यावर परत पिवळं झालं. तांबड्यापेक्षा पिवळं बरं, एवढाच त्या दिवसाचा नफा.

स्टुडिओत गेलो. पोरगं चांगलं आहे, काम हुशारीनं करतं, पण पैशाचं बोलणं आलं की त्याचा आवाज बदलतो. त्यानं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बघितलं, हीट गन फिरवली, आणि म्हणाला, "सर, आत गेलंय. बॉनेटचा पीस बदलावा लागेल. साडेअकरा हजार." मी वॉरंटी कार्ड काढलं. पाच वर्षं, आणि त्यात स्वच्छ लिहिलंय: पिवळेपणा, तडे, सुटणं हे सगळं कव्हर.

"हे बघ, पिवळेपणा लिहिलाय."

"सर, ते फिल्म स्वतःहून पिवळी पडली तर."

"आणि ही काय शेजाऱ्याकडनं पिवळी पडली?"

अर्धा तास चाललं. शेवटी त्यानं कार्डाच्या मागची बारीक अक्षरं दाखवली: बाहेरून लागलेले डाग, रसायनं, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, काही धरत नाही. मग धरतं काय, असं विचारल्यावर तो हसला. मी नाही हसलो. साडेअकरा हजार ही रक्कम माझ्या डोक्यात त्या दिवसापासून घर करून बसली. माझ्या आख्ख्या वर्षाच्या इन्शुरन्सचा मोठा हिस्सा आहे तो, एका स्वस्तिकासाठी.

इथपर्यंतचं मी दिवाळीच्या सुट्टीत तावातावानं लिहून ठेवलं होतं आणि खाली शेवट केला होता: "फिल्म म्हणजे पैसे पंचगंगेत." तो शेवट आता खोडलाय. दोन गोष्टी घडल्या.

पहिली आई. स्वस्तिक झाल्यापासून मी गाडी लपवत होतो. कंपनीत शेडखाली, घरी कव्हर घालून. लोक विचारायचे, ते टाळायला. आई एकदा कव्हर काढताना बघत होती. म्हणाली, "हळदीचा डाग कधी घासून जातो काय? तुझी दुपटी मी उन्हातच वाळवली. उन्हात लाव." मी नेहमीप्रमाणे तिला फिल्मची रचना समजावली. ती आत निघून गेली. पावसानं उघडीप दिल्यावर, दुसरा काही उपायच नव्हता म्हणून, गाडी कंपनीच्या मोकळ्या आवारात दिवसभर उभी करायला लागलो. चौथ्या दिवशी कडा फिकट. सहाव्या दिवशी मामांनाच ओळखू येईना. नवव्या दिवशी तिरक्या उजेडात, डोळे बारीक करूनसुद्धा, काही नाही. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत असतं. म्हणजे डाग लपवण्यासाठी मी महिनाभर जे सावलीत ठेवणं चालवलं होतं, त्यानंच तो जपला होता. साडेअकरा हजार वाचले. आईला साडी घेतली, ती त्याच्या निम्म्यात आली.

दुसरी गोष्ट डिसेंबरातली. सातारा-कागल सहापदरीचं काम चालू आहे तोवर त्या हायवेवर डंपरच्या मागे राहणं म्हणजे काय, ते तिकडून येणाऱ्यांना सांगायला नको. पेठ नाक्याच्या अलीकडे ओव्हरटेक करताना खडीचा एक दगड बॉनेटच्या नाकाशी असा आपटला की आत बसलेल्या भावाने मान खाली घातली. उतरून बघितलं तर फिल्ममध्ये चंद्रकोरीएवढा चर, नखानं चाचपता येणारा. खाली रंग शाबूत. कारखान्यातून आलेला सगळा रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतो, त्यातला वरचा क्लिअर कोट ४०-५०. ही फिल्म एकटीच २०० च्या आसपास. तो दगड उघड्या बॉनेटवर बसला असता तर थेट पत्र्यापर्यंत गेला असता. आज बंपर-बॉनेट मिळून असे सात-आठ मार मोजता येतात. फडक्याचे बारीक ओरखडे तर गरम पाणी ओतलं की डोळ्यांसमोर भरून येतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा शेजारच्या काकांना बोलावून दाखवलं होतं. खोल चर मात्र भरत नाही, जाहिरातीत काहीही म्हणोत.

सिरॅमिकबद्दल मत उलट्या दिशेनं गेलं. सुरुवातीला पाणी मोत्यासारखं घरंगळायचं तेव्हा मी व्हिडिओ काढायचो. तो थर एक-दोन मायक्रॉनचा. '९ एच' म्हणून जे विकतात ती पेन्सिलच्या शिशाची कठीणता. ९ एच पेन्सिलनं ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाटेवरच्या उसाला हे कोण सांगणार? जानेवारीत गगनबावडा रस्त्यावर दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरशेजारून हळू निघालो, तर बाहेर आलेल्या एका कांडानं मागच्या डाव्या दारावर हातभर रेघ मारली. सिरॅमिक तिथंच होतं. पॉलिशनं निम्मी गेली, निम्मी आहे. मग पूर्ण अंगालाच फिल्म का नाही? हिशेब केला. उरलेल्या अंगाच्या फिल्मला आणखी ९० हजार लागले असते आणि दार रंगवायला सहा हजार लागतात. पंधरा दारं रंगवून होतील. गाडीला चारच आहेत.

फाउंड्री, फॅब्रिकेशन असल्या ठिकाणी गाडी लावणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. गेल्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला, आणि जूनमध्ये छपरावर नारिंगी ठिपके दिसायला लागले. मोहरीपेक्षा बारीक, शेकड्यांनी. मला वाटलं रंगच गंजतोय. फेटलिंग विभागात, म्हणजे ओतीव मालाच्या कडा साफ करतात तिथं, ग्राइंडिंग चालतं, त्याची ठिणगी म्हणजे तापलेलं लोखंडच. ते उडून गाडीवर बसतं, चिकटतं, पाणी लागलं की गंजतं. फडक्यानं घासलंत तर तेच कण सँडपेपरसारखे फिरवताय. आयर्न रिमूव्हरचा फवारा मारायचा, तीन-चार मिनिटांत सगळीकडून जांभळे ओघळ सुटतात, वास मात्र नासक्या अंड्यांचा. वाळू द्यायचं नाही, भरपूर पाण्यानं धुवायचं, त्यानंतरच क्ले बार, म्हणजे उरलेले कण उचलणारा मातीसारखा गोळा. पांढऱ्या गाडीवर जांभळे ओघळ बघून वॉचमननं विचारलं, "रक्त न्हवं न्हवं हे?" हे दर तीन महिन्यांनी करतो, आणि पार्किंग फेटलिंगच्या बाजूनं काढून ऑफिसच्या अंगाला नेलं. त्या एका बदलानं जे झालं ते १८ हजारांच्या बाटलीनं झालं नव्हतं. त्याच फवाऱ्यानं पुढच्या चाकांवरची ब्रेकची काळी भुकटीही निघते. घाटात गाडी पळवणाऱ्यांची चाकं किती काळी होतात ते वेगळं सांगायला नको.

धुण्याचं थोडक्यात. वॉशिंग सेंटरला गाडी देणं बंद. तिथलं फडकं माझ्या आधी एका जेसीबीवरून फिरलेलं मी स्वतः बघितलंय. घरी दोन बादल्या, एक शाम्पूची, एक मिट (धुवायचा हातमोजा) हिसळायची. शेवटचं पाणी नळाचंच, बोअरचं नाही. आरओवाल्याच्या टीडीएस मीटरनं (पाण्यातले क्षार दाखवणाऱ्या) मोजलं तर आमचं बोअर साडेसातशेच्या पुढं आणि नळ दीडशेच्या आत. बोअरचं पाणी उन्हात वाळलं की पांढरी वर्तुळं उमटतात आणि ती हळदीसारखी आईच्या उपायानं जात नाहीत. १५ हजार किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा काचेवर कागद चिकटवला, 'धुवू नये'. त्यांनी पाळलं. गिअरबॉक्सबद्दल विचारणाऱ्यांना एवढंच की अजून तरी गप्प आहे.

आता खरी तक्रार. बॉनेटची फिल्म काठापर्यंत येत नाही, तीन-चार मिलिमीटर आधीच थांबते. कंप्युटरनं कापलेला पीस, कडा आत दुमडून घेतली नाही. दुमडायचे जादा चार हजार मागितले होते आणि मी नको म्हटलं, हे कबूल करतो. त्या कडेला डिंक थोडा उघडा राहतो आणि धूळ धरतो. सहा महिने तिथं काळी रेघ होती, तिची मला सवय झाली होती. माघात आईला जोतिबाच्या खेट्याला नेलं. लोक कोल्हापुरातून पहाटे चालत जातात, आईचे गुडघे साथ देत नाहीत म्हणून गाडी. परत आलो तेव्हा सगळी गाडी गुलालात. मी आता शहाणा झालेलो, कोरडं फडकं अजिबात लावलं नाही, आधी नुसता पाण्याचा मारा. सगळं गेलं. कडेची रेघ तेवढी काळ्याची गुलाबी झाली. बॉनेटभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्यावर.

उन्हात लावली. पंधरा दिवस झाले. हळद गेली तसा गुलाल जात नाही. टूथब्रश झाला, टूथपिकला मायक्रोफायबर गुंडाळून झालं. डाव्या कोपऱ्यात वीतभर साफ केली, तर आता तो कोपराच वेगळा दिसतो. सिग्नलला थांबलो की माझी नजर रस्त्यावर नसते, त्या रेघेवर असते. भावाला म्हटलं, दिसते का रे? तो म्हणाला, कुठली रेघ?

स्टुडिओच्या पोरानं कडा दुमडून नवा पीस लावायचं सांगितलंय. रक्कम तुम्हाला माहीत आहे, अधिक चार हजार. आईला विचारलं तर म्हणाली, चैत्र यात्रा तोंडावर आलीय, आता काढून काय करणार? म्हणून तूर्त तसंच ठेवलंय. यात्रेला गाडी खालीच लावणार, पुढच्या कडेला मास्किंग टेप मारून. टेपचा रोल ४० रुपये.