भर पावसात उभा राहिलेला मांडव: आमच्या मांडववाल्यांबद्दल

२०२५ च्या गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडळात मी पहिल्यांदाच मांडवाची जबाबदारी घेतली. तोवर माझ्याकडे प्रसादाच्या याद्या असायच्या. आता "मांडववाला कोण चांगला?" असे फोन मलाच येतात, म्हणून सविस्तर लिहिते. एक तक्रार आहे, ती त्यांच्याशी समोरासमोर बोलायची आहे, त्यामुळे नाव इथे देत नाही.

२० बाय ४० फुटांचा मांडव, छोटं स्टेज, तीन बाजूंनी पडदे. सगळ्याचे मिळून ५८,००० रुपये ठरले.

चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि त्याआधीच्या आठवड्यात पुण्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. खडकवासल्यातून पाणी सोडत होते. आमच्या आवारात पेव्हर ब्लॉक आहेत. आधी ज्यांना विचारलं ते सगळे म्हणाले, "चार ब्लॉक उचकटतो, नंतर बसवून देतो." यांनी मात्र ड्रम आणले. ड्रममध्ये बांबू उभा करायचा, भोवती वाळू ठासायची आणि पाचरी मारायच्या. एकही खड्डा नाही. वाळू भरायचं काम आम्हा कार्यकर्त्यांचं. बारा ड्रम आम्ही घमेल्यांनी भरले, त्यात आठवी-नववीची मुलंसुद्धा होती.

मला मनापासून आवडलं ते त्यांचं बांधकाम. मुकादम साठीच्या आसपासचे, मी त्यांना मामा म्हणायचे. शेजारी बादलीत सुंभ भिजत घातलेला. "ताई, नायलॉन पावसात सरकतं. सुंभ ओला बांधला की वाळताना आवळतो," म्हणाले. मग हळू करून दाखवलं: आडवे फेरे दोन्ही बांबूंवरून, मग दोन्हींच्या मधून उभे फेरे, प्रत्येक फेऱ्याला पाय टेकवून ओढायचं आणि टोक आत खोचायचं. माझी पहिली गाठ त्यांनी एका हिसक्यात सोडवली. स्वतः बांधून मोकळे झाले नाहीत, सुंभ पुन्हा माझ्या हातात दिला. चौथी टिकली. स्टेजच्या मागे डावीकडे ती शेवटच्या दिवसापर्यंत होती, रोज आरतीनंतर मी तिला हात लावून यायचे.

छताचं आढं, म्हणजे मधला आडवा बांबू, त्यांनी कडेपेक्षा चांगलं तीन फूट उंच घेतलं. मला तेव्हा ते उगाच वाटलं होतं. तिसऱ्या रात्री धो धो पाऊस आला, तेव्हा अडीच वाजता टॉर्च घेऊन खाली गेले. पलीकडच्या गल्लीत ताडपत्रीला झोळ पडून पाणी साचलेलं, पोरं खालून काठ्यांनी ढोसत होती. आमच्या छतावरून पाणी सरळ कडेला पडत होतं. सकाळी अथर्वशीर्षाला आलेल्या बायका कोरड्या सतरंजीवर बसल्या.

विजेचं काम मात्र त्यांना देऊ नका. त्यांच्या वायरमनने आणलेल्या बोर्डात ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नव्हता आणि जोड नुसते टेप गुंडाळून ओल्या बांबूवर, मुलांचा हात पोचेल इतक्या खाली. मी ते सगळं काढायला लावलं. महावितरणची तात्पुरती जोडणी मंडळांना सवलतीच्या दरात मिळते, ती घेतली आणि आमच्याच इमारतीतल्या इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग करून घेतलं. ३,२०० रुपये जास्त गेले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन.

तक्रार आहे ती मांडव उतरवण्याची. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला रात्री चंद्रग्रहण होतं, म्हणून माणसांना दुपारच्या आत घरी जायचं होतं. ते मी समजू शकते. पण घाईत खिळे तसेच पडून राहिले, आणि त्याच जागेत मुलं संध्याकाळी अनवाणी लंगडी खेळतात. आम्ही स्पीकरचं जुनं चुंबक दोरीला बांधून सगळं आवार फिरवलं. पसाभर खिळे निघाले. एक माझ्या चपलेतून आरपार गेला होता, पाय थोडक्यात वाचला.

तरी यंदाही त्यांनाच सांगितलंय, कारण तसं छत दुसरं कुणी बांधताना मी पाहिलेलं नाही. चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. करारात मी दोन ओळी वाढवल्या आहेत: वीज आमची, आणि शेवटचे ५,००० रुपये आवारात चुंबक फिरवून झाल्यावर.