‘बोर्ड पॅनेल अंपायर’ कोर्सच्या नावाखाली माझे ९७,३५० रुपये गेले

बीसीसीआयच्या, म्हणजे भारतीय क्रिकेट बोर्डाच्या, अंपायरच्या यादीत (पॅनेलवर) पोचवतो म्हणणाऱ्या एका कोर्सचा हा माझा हिशेब. नोंदणी २,१००. कोर्स फी २८,५००. किट ६,७५०. ‘बोर्ड परीक्षा नामांकन शुल्क’ ४५,०००. परीक्षेनंतर परत देतो म्हणून घेतलेलं डिपॉझिट १५,०००. एकूण ९७,३५० रुपये. डिपॉझिटचाही एक रुपया परत आलेला नाही. नवऱ्याला पूर्ण आकडा मागच्या महिन्यात कळला, सासूबाईंना अजून माहीत नाही. तरीही लिहितेय, कारण हा कोर्स चालवणाऱ्या माणसाची पुढची बॅच सुरू होते आहे.

आधी एक स्पष्ट करते. मी अडाणी नाही आणि हावरटही नाही. विद्यापीठाच्या संघातून खेळले आहे, बी.पी.एड. झालेय, एका शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षिका आहे. लॉटरीच्या मेसेजला मी कधी भुलले नाही. मला भुलवलं ते खऱ्या गोष्टी सांगून. जानेवारी २०२३ मध्ये वृंदा राठी, जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन या तिघी रणजी सामन्यांत अंपायर म्हणून उभ्या राहिल्या, हे खरं आहे. मी ते फोटो तेव्हा जपून ठेवले होते. वरच्या श्रेणीच्या अंपायरला प्रथम श्रेणीच्या सामन्यात दिवसाला ४० हजार मिळतात, हे पेपरात आलेलं होतं. त्या माणसाच्या जाहिरातीत नेमक्या या दोनच गोष्टी ठळक होत्या आणि खाली लिहिलं होतं, ‘महिलांसाठी फक्त १२ जागा’. छत्तीसाव्या वर्षी मैदानावर परत जायची वाट दिसली की माणूस जागा मोजत बसत नाही.

आठ रविवार वर्ग झाले, एका ट्यूशन क्लासच्या भाड्याच्या हॉलमध्ये. आणि ‘सर’, म्हणजे तोच माणूस, चांगले शिकवायचे, हे मला कबूल करावंच लागेल. बोलरचा पुढचा पाय पडताना नजर क्रीजवर, पाय पडला की लगेच वर, चेंडूवर. चेंडू मोजायचा काउंटर डाव्या हातात, अंगठ्याखाली. बॅट्समननं गार्ड मागितला की घाई करायची नाही. हे सगळं त्यांनी घोटून घेतलं. म्हणून तर संशय आला नाही. फसवणारा काहीच देत नाही, अशी आपली समजूत असते. हा देत होता.

पैसे मात्र संस्थेच्या खात्यात नव्हे, एका बाईच्या नावाच्या यूपीआयवर जायचे. विचारलं तर ‘संस्थेचं खातं अपडेट होतंय’. पाचही वेळा अपडेटच होत होतं. संस्थेच्या नावाचं खातं नसेल तर तिथेच उठा. पावती हातानं लिहिलेली असेल तर तीही फेकू नका. माझ्याकडे दोन पावत्या आहेत, तीन हप्त्यांच्या मी मागितल्याच नाहीत.

आता मुख्य गोष्ट. हिच्यामुळे मला आजही रात्री झोप लागत नाही.

पहिल्याच दिवशी आम्हाला स्पायरल बाइंडिंगची एक वही मिळाली होती, ‘क्रिकेटचे नियम, संपूर्ण नोट्स’. त्यात नियम ३३ होता ‘हँडल्ड द बॉल’, म्हणजे बॅट्समननं चेंडू हातानं हाताळला तर बाद. मी तो पाठ केला. क्रिकेटच्या नियमांच्या २०१७ च्या संहितेत हा बाद होण्याचा प्रकारच स्वतंत्र राहिलेला नाही, तो क्षेत्ररक्षणात अडथळा आणण्याच्या नियमात, म्हणजे ३७ मध्ये गेला. आज ३३ म्हणजे कॅच. त्या माणसानं आम्हाला २००० सालच्या संहितेच्या झेरॉक्स विकल्या होत्या. पण जुन्या संहितेतही एकूण ४२ नियम आणि नव्या संहितेतही ४२. मी आकडा मोजला आणि समाधान मानलं. हे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या लंडनच्या क्लबच्या वेबसाइटवर सगळे नियम फुकट आहेत. फोन माझ्या पर्समध्ये होता. दोन मिनिटांचं काम होतं.

हे लक्षात यायची वेळ एकदा आली होती, तीही भर मैदानात. ‘प्रॅक्टिकल’ म्हणून सरांनी मला १४ वर्षांखालच्या मुलांच्या एका स्पर्धेत दोन सामने दिले. दुसऱ्या सामन्यात षटकाचा चौथा चेंडू, मुलानं मिडऑफला उंच मारला, दोघे धावताना एकमेकांना ओलांडून गेले आणि कॅच झाला. नवीन मुलगा हेल्मेटचा पट्टा लावत धावत आला. मी त्याला हातानं माझ्याकडे, नॉनस्ट्रायकरच्या टोकाला बोलावलं. ओलांडलं होतं ना, मग स्ट्राइक, म्हणजे पुढचा चेंडू खेळायची पाळी, दुसऱ्याची. वहीत तसंच होतं. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचा कोच सीमारेषेवरून ओरडायला लागला. स्क्वेअर लेगला एक वयस्कर अंपायर होते. ते शांतपणे चालत आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, ऑक्टोबर २०२२ पासून कॅचनंतर नवा बॅट्समनच स्ट्राइक घेतो. षटक संपलं असेल तरच वेगळं.” मी मुलाला स्ट्राइकच्या टोकाला पाठवलं. कानशिलं तापली होती.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या संघटनेच्या पॅनेलवर? मी आमच्या संस्थेचं नाव सांगितलं. ते काही बोलले नाहीत. डब्याचं झाकण लावलं आणि स्कोररकडे निघून गेले. त्यांच्या मागे जाऊन ‘काका, काय झालं?’ एवढं विचारलं असतं तर माझे ६०,००० वाचले असते. नाही विचारलं. लाज वाटली.

संध्याकाळी सरांना फोन केला. ते म्हणाले, “आधी जुनी संहिता शिकवतो, पाया पक्का व्हावा म्हणून. नवी लेव्हल टूला.” आणि मला ते पटलं! का पटलं? कारण पर्समध्ये दोन सामन्यांच्या मानधनाची पाकिटं होती, ९०० आणि ९०० रुपयांची. स्वतःच्या पैशातले १,८०० परत घेऊन मी घरी पेढे नेले होते.

बारा दिवसांनी ४५,००० भरले. त्यासाठी सोन्याच्या बांगड्या गहाण टाकल्या. सरांचं म्हणणं असं, की बोर्डाची परीक्षा भयंकर अवघड असते. हेही खरंच आहे. २०२२ मध्ये अहमदाबादला झालेल्या लेव्हल टू परीक्षेत १४० पैकी फक्त ३ जण पास झाले होते. पॅव्हेलियनची, झाडाची किंवा क्षेत्ररक्षकाची सावली पिचवर पडली आणि बॅट्समननं तक्रार केली तर काय कराल, असे प्रश्न होते. सरांनी हा प्रश्न वर्गात फळ्यावर लिहून सोडवला. झाड आणि पॅव्हेलियनची सावली विचारात घ्यायची नाही, क्षेत्ररक्षकानं मात्र स्थिर राहायचं, हलला तर डेड बॉल, म्हणजे खेळ तिथेच थांबवायचा. आणि मग म्हणाले, “म्हणूनच आतून नामांकन लागतं.” जिथे १४० मधले १३७ नापास होतात तिथे पैसे देऊन आत शिरता येत असेल का, हा साधा विचार मला सुचला नाही. सुचू दिला नाही म्हणा. पुढच्याच आठवड्यात ‘सीट कन्फर्म’ म्हणून १५,००० चं डिपॉझिट घेतलं.

नीट वाचा. बोर्डाच्या अंपायरिंग परीक्षेला उमेदवार राज्य संघटनेकडून जातो. आपल्याकडे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना आहेत. आधी आपल्या संघटनेची परीक्षा, मग तिच्या स्थानिक सामन्यांत उभं राहणं, मग पुढचं. मधल्या कुठल्याही ‘अकादमी’ला पॅनेलची जागा विकता येत नाही. होलोग्राम आणि ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ छापलेलं सर्टिफिकेट संघटनेत कुणी हातातही घेत नाही. मी दाखवून पाहिलं आहे.

परीक्षेची तारीख तीनदा पुढे गेली. मग ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकेल असं झालं, मग ग्रुपच गेला. हॉलला कुलूप.

यानंतरचं जास्त चीड आणणारं आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “मॅडम, कोर्स झाला ना? शिकवलं ना? मग फसवणूक कसली?” मी नामांकनाच्या ४५,००० चं सांगितलं. म्हणाले दिवाणी बाब आहे, वकील बघा. दुसऱ्यांदा गेले तर, हॉल ज्या हद्दीत आहे तिथे जा. त्या ठाण्यात, पैसे जिथून पाठवलेत तिथे जा. दोन्ही ठाण्यांच्या मध्ये दोन रिक्षा बदलून मी चार वेळा फिरले. तिथल्या एकानं शेजारच्याला विचारलं, “बायकांना कशाला पाहिजे हे अंपायरिंग?” माझ्यासमोर. त्या दिवशी मी रडले नाही, पण घरी येऊन कपाटातून ती अंपायरची टोपी काढली आणि बाल्कनीत टाकून दिली.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक हा गुन्हा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते. हे मी कागदावर लिहून नेलं. साहेबांनी कागद वाचला आणि विचारलं, “वकिलानं दिलं का?” बँकेत उत्तर मिळालं, पिन तुम्हीच टाकलात. पैसे गेले की त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा म्हणतात, आणि करायलाच हवा. पण मला फसलेय हेच साडेतीन महिन्यांनी कळलं, तेव्हा कुठला तास धरायचा?

क्रिकेट संघटनेच्या कार्यालयाकडून मला दोन ओळी हव्या होत्या. ही संस्था आमच्याशी संलग्न नाही, इतकंच. तोंडी पाच जणांनी सांगितलं. लेखी कुणी देईना. “आमचा संबंधच नाही तर आम्ही कशाला लिहू?” पोलीस म्हणतात संघटनेचं पत्र आणा, संघटना म्हणते पोलिसांनी मागितलं तर देऊ. या फेऱ्यांत माझ्या सात रजा गेल्या, आणि कंत्राटी शिक्षिकेची रजा बिनपगारी असते.

गेल्या वेळी उपनिरीक्षकांनी एक गोष्ट मात्र विचारली, “आणखी कुणी तक्रारदार आहे का?” एकटीचा अर्ज त्यांना भांडण वाटतो. आमच्या बॅचमध्ये २४ जण होते. मी सात जणांना फोन केला. चौघांनी उचलला नाही, दोघांनी ‘घरी माहीत नाही’ सांगितलं, एक तयार आहे. बाकीच्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर वही टाकू नका. नियम ३३ चं पान, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि असेल ती पावती घेऊन या. मी सोमवारी सकाळी दहाला पुन्हा जाणार आहे, हॉलच्या हद्दीतल्या ठाण्यात.