झिंक स्टिअरेट म्हणून खडूची पावडर दिली, 3 लाख 27 हजारांना बुडालो, रबरवाल्यांनी वाचाच

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर, जिथं कुठं कुणी रबराची मिक्सिंग मिल चालवत असेल त्यांनी हे नीट वाचा. मिलवरून निघालेली कच्ची शीट थप्पीत एकमेकांना चिकटू नये म्हणून आपण डिपच्या, म्हणजे शीट बुडवायच्या, टाकीत जी झिंक स्टिअरेटची पांढरी पावडर कालवतो, तिच्या नावाखाली मला खडू विकला. रागानं लिहायलोय, तवा मागंपुढं होईल.

पद्धत तुम्हाला माहिती असलेलीच. आधी फोन, मग मोबाईलवर लॅब रिपोर्ट, मग 2 किलोचं सॅम्पल. सॅम्पल एक नंबर होतं, शीट हाताला लागताच सुटायची. रेट 165 रुपये किलो. आम्ही आधी 185 नं घेत होतो, म्हणजे शंका यावी इतका काही स्वस्त नव्हता. उगाच कुणी म्हणू नका की स्वस्ताच्या नादाला लागला. 25 किलोच्या 40 बॅगा, 1,65,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 29,700, एकूण 1,94,700. अर्धे 97,350 ऑर्डरसोबत, उरलेले 97,350 बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो आल्यावर. वर ट्रान्सपोर्टचे 4,200 मीच भरले. पक्कं बिल होतं, माल वाहतुकीचं ई-वे बिल होतं, जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर ॲक्टिव्ह दाखवत होता. अजून माणसानं काय बघायचं?

माल आला, वरच्या दोन बॅगा उघडून पाहिल्या, चांगल्या निघाल्या. त्या मुद्दाम वर ठेवल्या होत्या हे नंतर कळलं. खालच्या बॅगा उघडल्या त्या दिवशी टाकीवरचे मामा म्हणले, "साहेब, ह्या वेळेस लगेच कालवलं गेलं बघा, साबणाचं पाणी पण टाकावं लागलं नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. झिंक स्टिअरेट पाण्यात भिजत नाही, नुसतं टाकलं तर वर तरंगत बसतं, साबणासारखं वेटिंग एजंट टाकून घोटल्याशिवाय खाली जात नाही, हे मिलवर काम करणाऱ्या पोराला पण माहिती असतं. आणि इथं बादलीत पांढरंफेक पाणी, वर एक कण तरंगत नाही, तळाला बोटभर गाळ. मी बघितलं. मी तिथंच उभा होतो. लगेच विकणाऱ्याला फोन लावला तर तो म्हणे, "शेठ, नवीन ग्रेड आहे, पाण्यात मिसळणारी, तुमची मेहनत वाचवली." अशी ग्रेड बाजारात खरंच मिळते, त्यामुळं विश्वास बसला. तुमचाही बसला असता. पण त्याच मिनिटाला चिमूटभर पावडर गॅसवर धरली असती तर निदान कंपाउंड, म्हणजे मिलवर मिसळलेलं कच्चं रबर, तरी वाचलं असतं.

पुढं काय झालं ते ऐका. वाळल्यावर पावडर झडून गेली, मे महिना, पत्र्याचं शेड, आणि सकाळी थप्पीच्या खालच्या शीटांचा एकच ठोकळा. वरच्या सुटल्या म्हणून मोल्डिंगला घेतल्या तर ते आणखी वाईट. झिंक स्टिअरेट 120 डिग्रीच्या आसपास वितळतं आणि प्रेसमध्ये रबरात मुरून जातं, खडू मुरत नाही, दोन थरांच्या मधे तसाच बसतो. तयार बुश (गाडीत बसणारा रबराचा पार्ट) कापून पाहिला तर आत केसाएवढी पांढरी रेघ, नखानं ओढलं की तिथंच दोन पदर वेगळे. 640 किलो कंपाउंड, 140 च्या हिशोबानं 89,600 गेले. कस्टमरनं माल रिजेक्ट करून डेबिट नोट लावली, म्हणजे माझ्या पैशातून कापले 38,500. सगळं मिळून 3,27,000. वाळूजला 1985 ला बजाजचा प्लांट आला तेव्हापासून इथं दुचाकीचे रबर पार्ट करणारी बारकी बारकी युनिट झाली. आमच्याकडं लॅब नसते आणि महिन्याचा पगार अडकलेला असतो, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

आता तक्रारीचं. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "माल मिळाला ना तुम्हाला? मग हा क्वालिटीचा वाद आहे, कोर्टात जा." अहो, सॅम्पल खरं, वरच्या बॅगा खऱ्या आणि खाली खडू, हा वाद आहे का ठरवून केलेली फसवणूक? कागदपत्रं टेबलावर ठेवली तर उघडून सुद्धा बघितली नाहीत. सायबरकडं गेलो तर म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी थोडाच दिला, परत ठाण्यात जा. ठाण्यातला म्हणतो पार्टी परराज्यातली, तिकडं जाऊन तक्रार करा. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होते, कायद्यात आहे, हे मी सांगितलं तर "तुम्ही वकील आहात का" असं विचारलं! बँकेत गेलो, ते म्हणे एनईएफटी जमा झालं, पैसे काढून पण झाले, आता आमच्या हातात काही नाही. ग्राहक कोर्टात धंद्यासाठी घेतलेला माल चालत नाही. एमएसएमईचं समाधान पोर्टल आहे ते विकणाऱ्याचे पैसे अडकले तर, घेणारा बुडाला तर तिथं रकाना नाही. आणि वरून त्यानं बिल रिटर्नमध्ये दाखवलंच नाही, जीएसटी पोर्टलवरच्या माझ्या 2बी या खरेदीच्या यादीत आलं नाही, म्हणून 29,700 चं क्रेडिट पण गेलं. टॅक्स मी भरला, चोरी त्यानं केली, आणि कर ऑफिसातला माणूस मलाच म्हणतो सप्लायरला फोन करा. तो फोन लागत असता तर मी तुमच्याकडं कशाला आलो असतो?

प्रत्येक बॅगेतून, नुसत्या वरच्या नाही, मधल्या आणि खालच्या बॅगेतून पण पावडर काढा. चमच्यात घेऊन गॅसवर धरा, झिंक स्टिअरेट वितळून पातळ होतं, खडू आणि शंखजिरं तसंच कोरडं राहतं. ग्लासभर पाण्यात टाका, झिंक स्टिअरेट तरंगतं, खडू खाली बसतो. व्हिनेगर टाका, फेस आला की खडू. एकट्या पाण्यावर जाऊ नका, कोटिंग केलेला खडू पण तरंगतो. शंका आली तर 10 ग्रॅम बाहेर लॅबमध्ये जाळून घ्या, राख सव्वा-दीड ग्रॅमच्या आसपास यायला पाहिजे. जीएसटी पोर्टलवर नुसतं ॲक्टिव्ह बघू नका, नोंदणीची तारीख बघा. हा 15 वर्षांचा धंदा सांगत होता, नोंदणी चार महिन्यांची निघाली. बिल्टीच्या फोटोवर एक रुपया सोडायचा नाही, माल तपासून मग पैसे. आणि पैसे गेल्याचं कळलं त्या क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, कोण काय म्हणतंय ते नंतर, उशीर झाला की खात्यात काही उरत नाही.

उरलेल्या 31 बॅगा मी पंचांसमोर सील करून ठेवल्यात. एसपी साहेबांना लेखी अर्ज रजिस्टर पोस्टानं गेलाय, तिथं काही झालं नाही तर वकील भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली मॅजिस्ट्रेटकडं पोलिसांना तपासाचा आदेश द्या म्हणून अर्ज टाकणार आहेत. ज्यांच्याकडं असाच माल पडलाय त्यांनी बॅगा फेकू नका, बिल, बिल्टी आणि मोबाईलवरचं बोलणं जपून ठेवा. तक्रारदार जास्त झाले तर "क्वालिटीचा वाद" म्हणून कुणाला हाकलता येणार नाही.