गोष्टीत पोकरचा डाव घालायचाय? ड्रॉ घ्यायचा की होल्डेम

कथेत पोकर आणायचा ठरलं की बहुतेक जण डोळे झाकून टेक्सास होल्डेम घेतात, कारण सगळीकडे तोच दिसतो. पण आधी बघा की तुमच्या प्रसंगातला ताण माणसांचा आहे का पानांचा.

फाइव्ह कार्ड ड्रॉमध्ये पाचही पानं झाकलेली, पैसे दोनदाच लावायचे आणि मधे नको ती पानं बदलून घ्यायची. ही बदलाबदली लिहिणाऱ्यासाठी सोनं आहे! समोरच्याने तीन पानं मागितली तर बहुधा हातात एक जोडी, एकच मागितलं तर दोन जोड्या नाहीतर फ्लशला (पाचही पानं एकाच चिन्हाची, जसं सगळी बदाम) एक पान कमी, आणि तो "नको, मला एकही नको" म्हणाला की सगळे त्याच्याकडे बघायला लागतात, कारण एकतर पानं तयार आहेत नाहीतर गडी चक्क थाप मारतोय. ज्याने आयुष्यात पोकर बघितला नाही त्यालाही हे लगेच कळतं.

होल्डेममध्ये हातात दोनच पानं, बाकी पाच टेबलावर सगळ्यांची मिळून उघडतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचं, आणि पैसे लावायच्या चार फेऱ्या. इथे मजा पान उलटण्यात आहे. नायकाकडे बदाम एक्का आणि बदाम सत्ती, पहिल्या तिनात बदामाची दोन, चौथं पडलं किल्वर, आता फ्लश व्हायला शेवटचं बदाम येण्याची शक्यता साधारण पाचात एक, आणि त्याने सगळे पैसे पुढे सारलेत. भारी वाटतं, पण वाचकाला नियम माहीत नसतील तर आधी एक छोटा डाव दाखवून ठेवावा लागतो.

सेव्हन कार्ड स्टडही चांगला, त्यात प्रत्येकाला सात पानं, काही झाकलेली, काही उघडी, पण प्रत्येकाची उघडी पानं वाचकाने लक्षात ठेवायची म्हणजे तीन खेळाडूंच्या वर जाऊ नका.

गोष्ट १९व्या शतकातली असेल तर प्रश्नच नाही, ड्रॉ किंवा स्टड, कारण होल्डेम नंतरचा. दोघांचं जुनं वैर असेल तरी मी ड्रॉच घेईन, मोठी स्पर्धा असेल तर होल्डेम.

आणि कुठलाही घ्या, "तुझे पाचशे, आणि वर हजार" हे वाक्य कॅसिनोतल्या डावात टाळा, पहिला अर्धा भाग बोलला की तेवढंच धरतात. डाव मध्यावर असताना खिशातून घराचे कागद काढूनही लावता येत नाहीत, टेबलावर आहे तेवढंच. रॉयल फ्लश (एकाच चिन्हाची दश्शी ते एक्का) तर नकोच, पाच पानांत तो ६,४९,७४० मध्ये एकदा येतो, त्यापेक्षा दोन जोड्यांना तीन अठ्ठ्यांनी हरवा, वाचकाला ते पटतं.