बडोदा स्टेशन: गाड्या भरपूर, पण तिकिटावरचं नाव आधी वाचा

मुंबईला जायचं तर बडोद्याइतकं सोयीचं स्टेशन गुजरातेत दुसरं नाही. अहमदाबादकडून आणि रतलामकडून येणारे दोन्ही मार्ग इथे मिळतात, त्यामुळे मुंबई सेंट्रलपर्यंतच्या ३९२ किलोमीटरसाठी गाड्यांची निवड भरपूर आहे. दिवसा बसून जायला वंदे भारत, शताब्दी, कर्णावती, डबल डेकर. रात्री झोपून जायला गुजरात मेल. वडोदरा एक्स्प्रेस पूर्वी इथूनच सुटायची, निवांत चढून सामान लावता यायचं. २०२१ पासून ती एकतानगरहून (पूर्वीचं केवडिया) दादरला जाते आणि इथे भरलेलीच येते. बडोदेकरांचं यात नुकसानच झालं.

पुण्याच्या गाड्या वसई रोडवरून कल्याणकडे वळतात, मुंबईत उतरून गाडी बदलायची गरज नाही. नागपूरला जायला अहमदाबाद–हावडा एक्स्प्रेस (१२८३३) रोज आहे. कोल्हापूरची थेट गाडी मात्र आठवड्यातून एकदाच, ती फारच अपुरी पडते.

घोटाळा होतो तो छायापुरी या शहरातल्या दुसऱ्या स्टेशनामुळे. बडोद्याच्या उत्तरेला रूळ दोन दिशांना फुटतात, एक आणंद-अहमदाबादकडे आणि एक गोध्रा-रतलामकडे. अहमदाबादहून रतलामकडे जाणारी गाडी बडोद्यात आणली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. त्यात वेळ जातो आणि फलाटही अडून राहतो. म्हणून अशा बऱ्याच गाड्या आता अलीकडच्या बाजवा स्टेशनावरून थेट छाणीजवळच्या छायापुरीला जातात आणि मुख्य स्टेशनात येतच नाहीत. पाहुणे सवयीने सयाजीगंजला, म्हणजे मुख्य स्टेशनात, येऊन उभे राहतात आणि गाडी तिकडून निघून जाते. उत्तर प्रदेश-बिहारकडच्या गाड्यांची तिकिटं काढताना तर हे हमखास तपासा. तिकिटावर 'बीआरसी' असेल तर मुख्य स्टेशन, 'सीवायआय' असेल तर छायापुरी. छायापुरीला पोचायला रिक्षाचा वेळ जास्त धरा.

एकतानगर, छोटाउदेपूर, अलिराजपूरकडच्या मेमू (कमी अंतराच्या विजेच्या लोकल गाड्या) शहरातल्याच प्रतापनगर स्टेशनहून सुटतात, आणि दांडिया बाजारातल्या मंडळींना ते मुख्य स्टेशनपेक्षा बरंच सोयीचं. रेल्वेच्या इतिहासाची आवड असेल तर प्रतापनगरचं हेरिटेज पार्क जरूर बघा. मुख्य स्टेशनात बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचे रूळ १८६१ मध्ये पोचले, पण गायकवाडांच्या बडोदा राज्याची खरी कामगिरी जवळच्या डभोईची. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई–मियागाम ही देशातली पहिली नॅरोगेज (अरुंद रुळांची) लाइन सुरू झाली. रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, आणि डबे ओढायला बैल, कारण ते हलके रूळ इंजिनाचं वजन पेलण्याजोगे नव्हते. इंजिनं आली ती १८७३ मध्ये, भक्कम रूळ टाकल्यावर. एकतानगरची आजची ब्रॉडगेज गाडी याच डभोईवरून जाते.

मुख्य स्टेशनात शिरताना बाजू नीट निवडा. फलाट १ सयाजीगंजकडे आहे, एसटी स्टँड शेजारीच. रावपुरा, फतेहगंजवाल्यांना हीच बाजू बरी. गोत्री, वासणा, रेसकोर्सहून येणाऱ्यांनी अलकापुरीच्या बाजूने यावं. फलाट ७ वर बुलेट ट्रेनचं स्टेशन उभं राहतंय, त्यामुळे तिकडे जादा वेळ हाताशी ठेवा. पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात (रुळांखालच्या भुयारी रस्त्यात) पाणी भरतं आणि रस्ता बंद होतो. रिक्षा-कारने एका बाजूहून दुसऱ्या बाजूला वळसा घालण्यापेक्षा आहात तिथेच उतरून पादचारी पुलावरून या. बहुतेक गाड्या इथे पाचएक मिनिटंच थांबतात, म्हणून डब्याची जागा इंडिकेटरवर बघून आधीच तिथे उभे राहा. सोबत म्हातारी माणसं असतील तर यात हयगय नको.

सुट्टीत बडोद्याहून काढलेलं वेटिंग बऱ्याचदा हलत नाही. ते पूल्ड कोट्यात, म्हणजे मधल्या स्टेशनांच्या एकत्र कोट्यात, पडतं आणि त्या कोट्यात जागा थोड्या असतात. गाडी अहमदाबादहून सुटणारी असेल तर तिकीट अहमदाबादपासून काढा, गाडी सुटते तिथलं जनरल वेटिंग जास्त सरकतं. शंभरेक किलोमीटरचं जादा भाडं पडतं, पण दिवाळीत आणि मे महिन्यात ते देण्यासारखं आहे. मात्र बुक करतानाच चढण्याचं स्टेशन बडोदा निवडा. ते राहिलं आणि अहमदाबादला जागेवर कोणी दिसलं नाही, तर टीटीई (तिकीट तपासनीस) ती बर्थ आरएसीवाल्याला, म्हणजे नुसती बसायची जागा मिळालेल्याला, देऊ शकतो.