चासीला चौकोनी पाइप की गोल?

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत, घरच्या गॅरेजात स्पोर्ट्स कारची स्पेसफ्रेम चासी, म्हणजे पाइपांच्या जाळीचा सांगाडा, करायची तर मी २५ मिमीचा, १.६ मिमी जाडीचा चौकोनी पाइपच घेईन. कटऑफ मशीनवर कापला, गुण्यात लावला, टाका मारला की झालं. गोल पाइप पिळाला जास्त दाद देत नाही हे खरं. पण प्रत्येक जोडाला माशाच्या तोंडासारखी खाच घासत बसा, आणि फट राहिली की वेल्डिंग बोंबललं.

सस्पेन्शनच्या विशबोनला, म्हणजे चाक चासीला जोडणाऱ्या त्रिकोणी दांड्यांना, मात्र गोल सीमलेसच (लांबीत सांधा नसलेला पाइप), तिथे तडजोड नको. आतल्या, चासीकडच्या टोकांना रॉड-एंडपेक्षा (गोळी बसवलेला धातूचा सांधा) रबरी बुश बरे. उघडे रॉड-एंड खाऱ्या वाऱ्यात लवकर खडखडतात.

पाइप कुठलाही घ्या, तोंडं पूर्ण बंद करा, नाहीतर पावसाळ्यात आतून गंजतो. जस्ताचा मुलामा दिलेला मात्र स्वस्तात मिळाला तरी नको, वेल्डिंग करताना त्याचा धूर बाधतो.